कड्याच्या कुंपणापाशी लागलेली आग

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रेंज या शेतकरी मंडळाच्या प्रमुख ओपल ट्विचेल. एवढ्यासाठी चार तास गाडी चालवत आलेले सरकारी जमीन कचेरीचे वरिष्ठ अधिकारी रेनर साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती वेंडेल हॉगन. आणि समोर डावीकडे बसलेली कचेरीची मंडळी नि उजवीकडे बसलेली गुरंवाली, रँचवाली मंडळी. मधली वाट कुणी आखून दिली नव्हती, तरी ती बरोबर पडली आहे. तेव्हा त्या वाटेलाही माझा नमस्कार.

मी मार्गो लाराल्दे. मला भाषण करायची सवय नाही. गेली सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवते. इथं तिशीच्या आतलं जे कुणी बसलंय, ते कधी ना कधी माझ्या बसमध्ये ओकलेलं आहे आणि ते मी पुसलेलं आहे. म्हणजे खरं तर मला इथं कुणाची भीती वाटायला नको. तरी वाटतेय. कागद हलताना दिसला तर वाऱ्यावर ढकलू नका, खिडक्या बंद आहेत.

रँचवाल्यांच्या बाजूनं कुणीतरी दोन शब्द बोलावेत, असं ओपलनं तीन बैठकांत विचारलं. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी आपापल्या टोप्यांकडे पाहिलं, दुसऱ्या बैठकीत कॉफीकडे. तिसऱ्या बैठकीत मी हात वर केला. ओपलला वाटलं मी पंखा बंद करायला सांगतेय. मग म्हणाली, "मार्गो, तू? अगं, कुणाचा निरोप समारंभ आहे हे कळतंय ना तुला?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरं कळतंय." माझा नवरा ग्रासियन मागं दाराजवळच्या खुर्चीत बसला आहे. येताना गाडीत त्यानं मला एकच विचारलं, "त्या खोटारड्याबद्दल तू चांगलं काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, ये नि ऐक. तो आलाय. टोपी गुडघ्यावर ठेवली आहे, आणि जेवायला थांबणार नाही हे त्यानं आधीच सांगून टाकलंय.

आता सत्कारमूर्तींबद्दल बोलायला हवं. वेंडेल या खोऱ्यात तेहतीस वर्षं सरकारी रानावर देखरेख करत होते. कुठल्या झऱ्याला कुठल्या महिन्यात पाणी असतं, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. गुरांनी रान किती खाल्लं हे बघायला ते गुडघ्यांवर बसायचे आणि पट्टीनं गवत मोजायचे. चार बोटं उरलं की आमची गुरं बाहेर! एकदा ग्रासियन घोड्यावरून त्यांना म्हणाला, "काय रे वेंडेल, गवताला सदरा शिवतोयस का?" आणि वेंडेल वर न बघता म्हणाले, "हो, आणि तुझ्या गाईंनी बाह्या खाल्ल्यात." तेव्हा हे दोघं एकमेकांशी असं बोलायचे. गाई व्यायच्या दिवसांत बर्फाचं वादळ आलं, तेव्हा हाच माणूस कचेरीची गाडी घेऊन आमच्या गोठ्यात आला आणि दोन रात्री कोपरापर्यंत हात घालून वासरं ओढत होता. हे त्याच्या कामात बसत नव्हतं. रेनर साहेब, तुम्ही हे ऐकलं नाही असं समजा.

रेनर साहेब इथं नवे आहेत. आणि उजवीकडची निम्मी तरुण मंडळी त्या वेळी माझ्या बसच्या पुढच्या बाकावर बसायची. म्हणून थोडं मागचं सांगते. जुन्या लोकांनी कान झाकून घेतले तरी चालेल, पण तुम्हाला वाटतं तेवढं तुम्हाला माहीत नाही.

आमच्या रानाच्या उत्तरेला खडकाचा कडा आहे. आमची हद्द कड्याच्या अलीकडेच संपते, पण तिथं सगळा कातळ. खुंट रोवायला भोक पडेना. म्हणून पन्नास वर्षांपूर्वी माझे सासरे बर्नार आणि तेव्हाचे सरकारी अधिकारी स्लोकम यांनी हात मिळवून ठरवलं, की कुंपण जिथं रोवता येईल तिथं, म्हणजे कड्याच्या पायथ्याशी रोवायचं. हद्द एकीकडे, कुंपण दुसरीकडे. त्यामुळे सरकारी रानाची एक लांब पट्टी आमच्या कुंपणाच्या आत आली. कागद नाही, सही नाही. या खोऱ्यात अशी निदान वीस कुंपणं आहेत, आणि ती सगळी अशाच शब्दावर उभी आहेत.

पुढं काय होतं बघा. जुनिपरची झाडं गवताला जगू देत नाहीत. ती तोडून, ढीग करून, शरदात पहिलं दहिवर पडलं की आम्ही पेटवतो. माझ्या सासऱ्यांनी पेटवलं, त्यांच्याआधीच्यांनीही पेटवलं. पण पेटवताना कुंपणापर्यंत पेटवायचं म्हणजे ती सरकारी पट्टीही जळणार. आणि सरकारी रानाला परवानगीशिवाय आग लावली तर कायद्यात पाच वर्षं तुरुंग. त्यावर वेंडेलनी सोपी पद्धत घालून दिली होती. पेटवायच्या दिवशी सकाळी मला फोन करा. मी घरी नसलो तर जॉइसकडे निरोप ठेवा. जॉइस म्हणजे त्यांची बायको. जॉइस तो निरोप फोनशेजारच्या वहीत लिहायची, रेडिओवरून वेंडेलला सांगायची. वेंडेल वाऱ्याचा अंदाज बघायचे, कड्यावर कुणी माणूस नाही ना ते बघायचे, आणि काही अडचण असली तरच उलट फोन यायचा: आज नको. "आज नको" म्हटलं की नको. कुणी हुज्जत घातली नाही.

आमच्या घरी तो फोन करणं माझं काम होतं. मशाल ग्रासियनची आणि फोन माझा.

चौदा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एका शनिवारी, शाळेला सुट्टी असताना, आम्ही कड्याखालचे ढीग पेटवले. अकराच्या सुमाराला वारा फिरला. आग कुंपणावरून उडी मारून कड्यावर चढली आणि सरकारी रानाची सहाशे एकर घेऊन गेली. कड्यावर कचेरीची दोन मुलं... मुलं म्हणजे चांगली पंचविशीतली, पक्ष्यांची मोजणी करत होती. त्यांना तंबू टाकून पळावं लागलं. त्यांतल्या एका मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला. ती वाचली, देवाची कृपा. पण तो हात पुढं तिला पुरता मिटता आला नाही, हे मी कोर्टात डोळ्यांनी पाहिलं आहे.

ग्रासियनवर खटला झाला. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "मी विचारून पेटवली. माझ्या बायकोनं फोन केला होता." मला साक्षीला बोलावलं. मी बायबलवर हात ठेवून सांगितलं, हो, सकाळी सात वाजता मी हॉगनांच्या घरी फोन केला, जॉइसनं उचलला, निरोप घेतला आणि म्हणाली, काही अडचण असली तर वेंडेल कळवेल. मग जॉइसला बोलावलं. ती म्हणाली, "असा फोन आला नाही." मग वेंडेलना. सरकारी वकिलानं विचारलं, "म्हणजे लाराल्दे बाई खोटं बोलतायत?" वेंडेल म्हणाले, "निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही, एवढंच मला माहीत आहे. कुणी खोटं बोलतंय असं मी म्हणणार नाही." आमच्या खोऱ्यातल्या खोऱ्यात केलेल्या फोनची कंपनीकडे नोंद राहत नाही. तेव्हा माझा शब्द एका बाजूला आणि त्या दोघांचा दुसऱ्या बाजूला.

ज्यूरीनं दोन दिवस घेतले. जाणूनबुजून आग लावल्याचा गुन्हा त्यांनी मानला नाही, निष्काळजीपणा मानला. पाच वर्षांच्या जागी तेरा महिने झाले. पण परवाना गेला. सरकारी रानात चराई बंद झाली आणि निम्मी गुरं विकावी लागली. ग्रासियन तुरुंगातून आला तेव्हा त्याचा अर्धा कळप दुसऱ्यांच्या रानात चरत होता.

आणि या हॉलनं काय केलं? हा हॉल त्या हिवाळ्यात भरला होता, आजच्यापेक्षा जास्त. सगळ्यांचं एकच मत. हॉगननं नोकरी वाचवायला निरोप दाबला; वर पोरं आहेत हे माहीत असून कळवलं नाही, आणि अंगाशी आल्यावर बायकोला पुढं केलं. ठराव झाला, की हॉगन कुटुंबाला या हॉलमध्ये कुठल्याही कार्यक्रमाला बोलावू नये. मंडळाची चिटणीस तेव्हा मी होते. तो ठराव माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे, ओपलच्या मागच्या कपाटात. अजून कुणी रद्द केलेला नाही. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून कचेरीनं आज हा हॉल घेतला, नाहीतर आपल्या सत्कारमूर्तींना या दारातून आत यायलाच बंदी आहे. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ना? माझ्या आलं होतं.

या हॉलमध्ये नाच असला की तो कोपऱ्यातला पियानो जॉइस वाजवायची. ठराव झाल्यावर तिनं त्याचं झाकण लावलं नाही, आपणच लावलं. दुकानात ती आली की बायका दुसऱ्या फळीकडे वळायच्या. चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा असायची, बसायला कुणी नसायचं. कचेरीनं वेंडेलची चौकशी केली, दोन वर्षं. तीत काही निघालं नाही, पण त्यांची बढती गेली ती गेलीच. त्यांनी बदली मागितली नाही. का नाही मागितली, हे मी त्यांना गेल्या आठवड्यात विचारलं. म्हणाले, "पळून गेलो असतो तर लोकांना खरंच वाटलं असतं."

माझी बस रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या घरावरून जाते. जॉइस खिडकीत उभी राहून मुलांना हात करायची. खटल्याआधी करायची, खटल्यानंतरही करायची. अकरा वर्षं. मुलं हात करायची. मी रस्त्याकडे बघायचे. त्या वळणावर समोरून कुणी येत नाही, तरी मी रस्त्याकडेच बघायचे.

आता इथं मला पाणी प्यायला हवं. ओपल, तो ग्लास दे.

गेल्या महिन्यात वेंडेल निवृत्त होतायत असं कळलं, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात ग्रासियन म्हणाला, "चला, खोटारडा टळला." आणि चोरिझो सॉसेजचा घास तोंडात घातला. मला तो घास बघवेना. चौदा वर्षं मी त्या टेबलावर बसून त्याचं असलं बोलणं ऐकतेय आणि मान हलवतेय. त्या दिवशी मान हलली नाही. त्यानं विचारलं, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, पोटात दुखतंय.

मंडळी, मी वेंडेल हॉगनना फोन केला नव्हता.

ऐकू आलं का मागं? परत सांगते. त्या सकाळी मी फोन केला नाही. जॉइसनं काही उचललं नाही, काही लिहून घेतलं नाही, तिच्याशी माझं एक अक्षर बोलणं झालं नाही. मी कोर्टात जे सांगितलं ते सगळं माझ्या मनचं होतं. जॉइसचं नाव घेतलं, कारण वेंडेल सहा वाजता घराबाहेर पडतात हे मला माहीत होतं. सात वाजता घरात तीच असणार. मी खोटं हिशेबानं बोलले.

थांबा. कुजबूज नंतर करा. बसमध्ये मी ज्या आवाजात सांगते त्या आवाजात सांगायला लावू नका.

आणि शाबासकीही कुणी देऊ नका. मी गेल्या महिन्यात शहरात जाऊन वकिलाला विचारून आले आहे. कोर्टात खोटी साक्ष दिल्याबद्दल आता माझ्यावर खटला होऊ शकत नाही, मुदत कधीच संपली. ती संपल्यावर मी बोलतेय. तेव्हा हे धाडस नाही, हे नीट लक्षात ठेवा.

ग्रासियन उभा राहिला आहे. बोल. नाही, तू बोल, मी थांबते.

तो विचारतोय, "फोन केला नव्हतास?"

नाही, ग्रासियन.

तो म्हणतोय, "सकाळी मी दारात उभा राहून विचारलं होतं. केलास का फोन? तू हो म्हणालीस."

म्हणाले. तुझ्या हातात मशाल होती, मी भांडी घासत होते. मी हो म्हटलं, कारण भांडी झाली की करणारच होते. तू टेकाड चढून जाईपर्यंत अर्धा तास जातो, तेवढ्यात होईल म्हटलं. मग भांडी झाली. मी फोनपाशी गेले, हात ठेवला आणि काढून घेतला.

तो विचारतोय, का.

हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटतेय. त्या आठवड्यात वेंडेलनी आपल्या चराईचे तीन आठवडे कमी केले होते. गवत चार बोटांच्या खाली गेलं म्हणून. मी रागावले होते. मला त्यांचा किंवा त्यांच्या बायकोचा आवाज सकाळी सकाळी ऐकायचा नव्हता. मनात म्हटलं, आमच्याच कुंपणाच्या आत आमचेच ढीग पेटवायला दर वेळी यांच्या पाया का पडायचं? बस्स. एवढंच कारण. याच्याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं. मी खिडकीशी गेले तर धूर वर आला होता.

फोन केला असता तर वेंडेलनी वाऱ्याचा अंदाज बघितला असता. कड्यावर दोघं आहेत हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले असते, आज नको. तू मशाल विझवून, शिव्या घालत जेवायला आला असतास. एवढंच झालं असतं त्या दिवशी.

ग्रासियन, तुला मी दुसऱ्या दिवशी सांगू शकले असते. चौकशीवाले आपल्या ओट्यावर उभे होते, तू म्हणालास, "माझ्या बायकोनं फोन केला होता, विचारा तिला," आणि माझ्याकडे वळलास. एवढ्या भरवशानं वळलास. मी पुन्हा हो म्हटलं. त्यानंतर रोज वाटायचं उद्या सांगू. मग वकील म्हणाला, तुमच्या साक्षीवर पाच वर्षांची शिक्षा वर्षा-दीड वर्षावर येईल. मग मी स्वतःला सांगायला लागले, की हे मी तुझ्यासाठी करतेय. निम्मं खरंही होतं ते. उरलेलं निम्मं काय होतं, ते तुला आता कळलं.

त्यानं टोपी घातली. दार उघडतोय.

जाऊ दे त्याला. कुणी अडवू नका. अर्ल, तू त्याचा शेजारी असलास तरी बस, त्याच्या मागं जाऊ नकोस. दार ओढून घे तेवढं, थंडी येतेय.

मला पुढं बोलायला हवं, कारण अजून मुख्य माणसाबद्दल बोललेच नाही.

हे इथं सांगण्याआधी मी गेल्या मंगळवारी वेंडेलकडे गेले. स्वयंपाकघरात खोकी बांधून ठेवली होती, एकच खुर्ची उरली होती. त्यांनी ती मला दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "मार्गो, समारंभात हे सांगू नकोस. मी चाललोय. तुला इथं राहायचंय." मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, "मला वाटायचं. खात्री नव्हती. जॉइसला तर मुळीच नव्हती."

मला कळलं नाही. मी म्हटलं, जॉइसला खात्री नव्हती म्हणजे? तिला तर माहीतच होतं की फोन आला नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिली दोन-तीन वर्षं जॉइस ठाम होती. मग ती फोनशेजारच्या वह्या काढून बघायला लागली. त्या दिवशीचं पान कोरं होतं. पण एखादं पान फाटलं असेल? ती बागेत होती का, फोन घेऊन लिहायचं विसरली का? सगळं खोरं एक सांगतंय आणि आपण दुसरं, तर चूक कुणाची असणार? मार्गो तशी बाई नाही, असं ती म्हणायची. माझ्याबद्दल! मार्गो रोज आपल्या मुलांना सांभाळून नेते, ती बायबलवर हात ठेवून खोटं कशाला बोलेल?

शेवटच्या वर्षी जॉइसची स्मृती जायला लागली. नवऱ्याचं नाव तिला रोज आठवायचं नाही, पण हे आठवायचं. रोज सकाळी उठली की विचारायची, "वेंडेल, मी तुला लाराल्द्यांचा निरोप दिला होता ना रे?" सुरुवातीला वेंडेल समजावून सांगायचे, अगं, निरोप आलाच नव्हता. मग ती रडायची. म्हणायची, मी विसरले, माझ्यामुळे त्या मुलीचा हात भाजला, माझ्यामुळे ग्रासियन तुरुंगात गेला. दिवसभर रडायची. मग एके दिवशी वेंडेल म्हणाले, "हो. दिला होतास." ती शांत झाली. न्याहारी केली. तेव्हापासून रोज सकाळी तिनं विचारायचं आणि त्यांनी सांगायचं, हो, दिला होतास. पाच महिने. ती गेली त्या सकाळपर्यंत.

ज्या माणसाला आपण चौदा वर्षं खोटारडा म्हटलं, त्या माणसाचं हे एकच खोटं आहे. आणि तेही त्याला मी बोलायला लावलं.

वेंडेल, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्ही का घालताय?

तुम्ही मला म्हणालात, मी चाललोय, सोडून दे. तुमच्यापुरतं मी सोडलंही असतं, कारण मी तशी बाई आहे हे आता सगळ्यांना कळलंच आहे. पण जॉइस तिथं टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. ती कुठं चाललेली नाही. तिच्या अंत्यविधीला नऊ माणसं होती आणि त्यांत आपल्या रँचवाल्यांतलं एकही नव्हतं. मी बस घेऊन रस्त्यावरून गेले. तेव्हा जे तिच्याबद्दल बोलायचं राहिलं, ते मी इथं बोलते, कारण ठराव इथंच झाला. जॉइस हॉगन त्या सकाळी काहीही विसरली नव्हती. फोन वाजलाच नव्हता. तिनं कोर्टात जे सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. ज्या बायकांनी दुकानात तिच्याकडे पाठ फिरवली, त्यांनी माझ्या शब्दावर फिरवली. तुम्हाला राग आला असेल तर तो माझ्यावर यायला हवा. आणि थोडा स्वतःवर आला तरी हरकत नाही. जॉइस तशी बाई नाही, असं तेव्हा कुणालाच कसं वाटलं नाही?

अध्यक्षबाई, आता एक कामाचं. कपाट उघडा आणि ते इतिवृत्ताचं पुस्तक काढा. हॉगन कुटुंबाला या हॉलमध्ये बोलावू नये हा ठराव रद्द करावा, असं मी सुचवते. मला माहीत आहे, ही बैठक नाही, समारंभ आहे. नियम मलाही येतात, मीच लिहायचे. तरी सुचवते. अनुमोदन कोण देतंय?

अर्ल. बरं. हात वर करा.

डावीकडच्यांनी करू नका, तुम्ही सभासद नाही. रेनर साहेब, तुमचाही हात खाली.

ओपल, मोजायची गरज नाही, लिही तू. आणि त्याच्याखाली माझं नाव लिही आणि कारण लिही. "चुकीच्या माहितीमुळे" असं लिहू नकोस. खोटी साक्ष दिली असं लिही.

आता समारोप. बोलवल्याबद्दल मंडळाची मी आभारी आहे. यापुढे बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सोमवारी सकाळी बस नेहमीच्या वेळेला निघेल. ज्यांना मुलं माझ्या बसमध्ये पाठवायची नसतील त्यांनी रविवारी कळवावं, म्हणजे मी त्या फाट्यावर थांबणार नाही. मी वाईट वाटून घेणार नाही असं म्हणत नाही, पण समजून घेईन. कचेरीच्या मंडळींनी जेवून जावं. रेनर साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे आभार. त्या मुलीचा पत्ता तुमच्या कचेरीत असेल, ती आता बाई असेल. तो मला द्यावा, अशी विनंती आहे. मला तिला पत्र लिहायचं आहे.

वेंडेल, तुम्हाला शुभेच्छा देण्याचा मला अधिकार नाही. त्या तुम्हाला बाकीचे देतील.

गाडी सुरू झाल्याचा आवाज अजून आलेला नाही. तुम्हीही सगळे तेच ऐकताय, मला दिसतंय. ग्रासियन बाहेर गाडीत बसलाय. तो मला आत घेईल की नाही मला ठाऊक नाही, पण घर चोवीस मैलांवर आहे आणि त्याला सोडून दुसऱ्या कुणाबरोबर मी आज जाणार नाही. लागलं तर चालत जाईन, तो गाडी हळू चालवेल का ते बघू.

माझ्या या भाषणात बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते पोटात घाला. भाषणाच्या आधी चौदा वर्षं जे झालं, ते मात्र घालू नका.

मी येते. तो थांबला आहे.